फिनेलकाकूंचं आतलं मशीन

फिनेलकाकूंना खरं नाव होतं, आणि ते चांगलं गोडही होतं. पण टपालवाल्याखेरीज ते कुणाच्या तोंडात उरलं नव्हतं. जिना पुसणारी बाई पुसून गेली, की काकू आपली बादली घेऊन दाराबाहेर येत आणि आपल्या मजल्याच्या पायऱ्या पुन्हा पुसत. "ती पुसत नाही हो, घाण सगळ्यांना सारखी वाटून देते," असं त्यांचं म्हणणं. फिनेलचा वास तळमजल्यापर्यंत पोचला की लोक म्हणत, काकू उठल्या. कुणीतरी एकदा ते नाव ठेवलं आणि ते चिकटलं. काकूंच्या कानावर ते आलं होतं. "निदान वास तरी बरा आहे," एवढंच त्या म्हणाल्या.

ही किळस त्यांनी माहेराहून आणलेली नव्हती. माहेरी सगळी भावंडं एकाच टॉवेलला अंग पुसत आणि कुणाला काही होत नसे. कॉलेजात दुसऱ्या वर्षाला असताना जीवशास्त्राच्या बाईंनी सांगितलं, सूक्ष्मदर्शकाखाली ठेवायला घरून काहीतरी आणा. कुणी डबक्याचं पाणी आणलं, कुणी कांद्याचा पापुद्रा. काकू विसरल्या. बाई म्हणाल्या, "मग तुझ्या नखातलं काढ आणि तेच बघ." काकूंनी काढलं आणि बघितलं. तिथे जे काय वळवळत होतं ते आजतागायत त्यांच्या डोळ्यांपुढून हललेलं नाही. त्या दिवशी जेवणाचा डबा भरलेलाच घरी परत आला.

आणि अशा मुलीचं लग्न झालं ते लिफ्ट दुरुस्त करणाऱ्याशी. संध्याकाळी काका घरी येत ते कोपरापर्यंत ग्रीसमध्ये माखून. पहिल्या वर्षभरातच ते कोपराने कडी काढायला शिकले, कोपराने दिवा लावायला शिकले, आणि पायाने मोरीचं दार उघडायला शिकले. कामावरचे लोक म्हणत, याला देवाने हात दिले कशाला कोण जाणे.

पण काकूंच्या या स्वभावाचंच पुढे चीज झालं. मागच्या खोलीत त्यांचं भरतकामाचं मशीन होतं, कॉम्प्युटरवरून चालणारं. शाळांच्या गणवेशाचे बिल्ले, नर्सबाईंच्या कोटावरची नावं, अग्निशामक दलाच्या शर्टांवरच्या ज्वाळा, सगळं त्या खोलीतून भरून जाई. पांढऱ्या कापडावर भरायचं म्हणजे तेलाचा एक ठिपका पडला की कोट वाया. दुसरीकडे दहातला एखादा वाया जायचा. काकूंकडे नाही. गणवेशांचं मोठं दुकान चालवणारे गृहस्थ म्हणत, "काकूंकडून आलेला गठ्ठा मी न उघडता पुढे देतो." त्या खोलीत चप्पल बंद, चहा बंद, आणि ओले हात तर बंदच बंद. मशीनचं फडकं वेगळं, टेबलाचं वेगळं, कॉम्प्युटरचं वेगळं, आणि तिन्ही फडकी वाळत घालायच्या दोऱ्यासुद्धा वेगळ्या.

पाहुण्यांना वाटे, काकू चित्र काढतात आणि मशीन ते भरतं. काकू हसत. मशीनला चित्र कळत नाही, टाके कळतात. सुई कुठून निघायची, कुठे वळायची, पातळ कापडावर टाके किती विरळ ठेवायचे, गोलाकार अक्षरात धागा कुठे तोडायचा, हे सगळं एका जुन्या प्रोग्रामात बसून एकेक करून ठरवावं लागे. असं ठरवलेलं डिझाइन एकदा साठवलं की ते जन्माचं. काकूंकडे असा साठा होता: गावातल्या झाडून साऱ्या शाळा, दवाखाने, कचेऱ्या. काम त्यांच्याकडे येई ते खरं तर या साठ्यासाठी. मशीन काय, आता कुणीही घेतं.

तो साठा ज्या कॉम्प्युटरात होता, त्या कॉम्प्युटरने एक दिवस मान टाकली. लावला की घुर्र करी, चार घटका चाले आणि स्वतःच मालवे.

काकूंनी मनाविरुद्ध दिराला बोलावलं. धाकटे दीर एका मोठ्या कचेरीत कॉम्प्युटर विभागात होते आणि माणूस म्हणून लाखात एक होते. पण स्वच्छतेच्या नावाने आनंदीआनंद. कानात पेनाचं टोपण घालायचं, ते बघायचं, आणि मग त्याच पेनाने लिहायचं. खिशात सदा खारे शेंगदाणे. तळहातावर चोळायचे, फोलपटं फुंकायची आणि हात विजारीला पुसायचे. त्यांनी चहा प्यालेला कप काकूंनी आजवर दुसऱ्या कुणाला दिला नव्हता. त्यांचा कप वेगळा होता आणि तो दिरांना कौतुकाने वेगळा ठेवलाय असं वाटे.

"उघडून बघू या," म्हणत दिरांनी कॉम्प्युटरच्या डब्याचं झाकण सरकवलं, आणि काकूंच्या तोंडून जो आवाज निघाला तो ऐकून शेजारीण दारात आली.

आत झुरळं होती. एखाद-दुसरं नव्हे, पिढ्याच्या पिढ्या. पंख्याच्या पात्यांवर मेलेली, तारांच्या आडोशाला जिवंत, कोपऱ्यात काळ्या मिरपुडीसारखी विष्ठा, आणि पट्टीच्या खाली चिकटवून ठेवलेली तपकिरी अंड्यांची पाकिटं. वर धुळीची गोधडी. आणि वास! ओल्या पोत्यात जुनं तूप सांडावं तसा. जो डबा काकू रोज बाहेरून ओल्या आणि मग कोरड्या फडक्याने पुसत होत्या, त्याच्या आत हे बिऱ्हाड सुखाने नांदत होतं.

"उबदार जागा ना," दीर समजावून सांगू लागले. "बाकी घरात तुम्ही फिनेल मारता. बिचारी जाणार कुठे? यांच्या दृष्टीने..."

"भावोजी, झाकण लावा."

"अहो, हे बघा, हे पिल्लू तर पांढरं..."

"झाकण लावा म्हणते ना!"

त्या दिवशी काकू जेवल्या नाहीत. पुढच्या दिवशी जेवल्या, पण भाताकडे न बघता.

नवा कॉम्प्युटर आला. छान काळा, चकचकीत. आणि त्याने जुना प्रोग्राम घ्यायला साफ नकार दिला. मशीन विकणाऱ्यांना फोन केला तर तिकडची मुलगी म्हणाली, "मॅडम, तो प्रोग्राम कधीच बंद झाला. नवा घ्या." नव्यात जुनी डिझाइन्स उघडतील का, असं विचारल्यावर ती म्हणाली, "उघडतील, पण टाके इकडेतिकडे होतील." टाके इकडेतिकडे! जणू उशीचा अभ्राच शिवायचा होता. इकडे शाळा उघडायचे दिवस तोंडावर आलेले. गणवेशवाले दोनदा येऊन गेले. दुसऱ्यांदा दारातच उभे राहून म्हणाले, "काकू, तुमच्याकडे डिझाइन आहे म्हणून मी तुमच्या दारात. डिझाइनच नसेल, तर मला सगळी दारं सारखी. राग मानू नका."

राग कसला मानायचा? खरं तेच ते बोलत होते. अडला हरी म्हणत काकूंनी पुन्हा दिरांना फोन लावला.

दीर आले, बसले, शेंगदाण्यांची पुडी काढली, काकूंची नजर पाहून पुन्हा खिशात घातली.

"वहिनी, काळजीच सोडा. हा नवा कॉम्प्युटर आहे ना, याच्या पोटात आपण एक खोटा कॉम्प्युटर उभा करायचा. व्हर्च्युअल मशीन म्हणतात. त्या खोट्यात जुनी सिस्टिम घालायची, त्यात तुमचा जुना प्रोग्राम. प्रोग्रामला वाटणार, आपण आपल्या जुन्या घरीच आहोत."

"म्हणजे त्याला फसवायचं."

"फसवायचं."

"आणि त्या खोट्यात काही घाण झाली तर? व्हायरस म्हणतात ते?"

"झाली तर झाली!" दिरांनी मांडीवर थाप मारली. "तीच तर गंमत. आत काहीही करा, बाहेर ओरखडा उठत नाही. आतलं आत. फारच नासलं तर अख्खं फेकून द्यायचं आणि दुसरं उभं करायचं."

काकूंना हे एकदम पटलं. इतकं पटलं, की इतकी वर्षं माणसांनी घरं बांधताना हे कसं केलं नाही याचंच त्यांना नवल वाटलं. घरातल्या घरात वेगळी मोरी. पाणी बाहेर येणार नाही, वास येणार नाही, आणि कंटाळा आला की मोरीच टाकून द्यायची. दिरांच्या डोक्यातून निघालेली ही पहिली स्वच्छ गोष्ट होती.

पण ती उभी होताना काय काय बघावं लागलं! काकूंनी खुर्चीवर वर्तमानपत्र घातलं, कीबोर्डला भाजी झाकायचा पातळ प्लॅस्टिकचा कागद गुंडाळला आणि शेजारी ओलं फडकं ठेवलं. दिरांना वाटलं, ते कपाळाचा घाम पुसायला आहे. त्यांनी तो पुसला. मग मानेचा पुसला.

पहिल्या फटक्यालाच पडद्यावर लाल अक्षरं आली. "काही नाही, नव्या कॉम्प्युटरात ही सोय कारखान्यातून बंदच येते," म्हणत दिरांनी तो बंद केला, चालू केला, आणि चालू होतानाच एका बटणावर कानातून नुकतंच बाहेर आलेलं बोट टकटक आपटत राहिले. निळी पाटी आली, दिरांनी कुठलीशी कळ फिरवली, आणि लाल अक्षरं गेली.

"आता आतल्याला बाहेरच्याची अर्धी मेमरी देऊ."

"अर्धी?" काकू म्हणाल्या. "जुन्याला कशाला हो अर्धी? पाव द्या. उगाच डोक्यावर बसेल."

"वहिनी, हा काय भाडेकरू आहे?"

"पोटातला का असेना, आहे परकाच. पाव द्या."

पाव दिली. काकूंनी जुन्या सिस्टिमची आणि प्रोग्रामची तबकडी कापडी पिशवीतून काढली. एक ओरखडा नाही तिच्यावर. दिरांनी ती बोटांच्या टोकांऐवजी अख्ख्या पंजाने धरली. काकूंनी डोळे मिटून घेतले. थोड्या वेळाने डोळे उघडले तर काळ्या चकचकीत पडद्याच्या मधोमध एक चौकट होती आणि तिच्यात त्यांचा जुना, फिका, ओळखीचा कॉम्प्युटर जसाच्या तसा उठून बसत होता.

तोवर दिरांना आतल्या मशीनला काही तरी कमी पडतंय असं वाटलं, आणि ते फुकट प्रोग्राम मिळणाऱ्या कुठल्याशा साइटवर शिरले. "आतूनच उघडतो, घाबरू नका," ते म्हणाले. भसाभसा जाहिरातींच्या चौकटी उघडल्या. कुणाचं टक्कल केसाळ होत होतं, कुणाच्या पायावरची भोवरी दाखवलेली होती, आणि एक बाई अंगावर जवळजवळ काहीच न घालता काकूंना नावाने बोलवावं तशी हात करत होती.

"शी! शी! बंद करा ते!"

"आतलं आत आहे वहिनी."

"डोळे माझे बाहेर आहेत!"

मग जुन्या डब्यातून डिझाइन्स काढायची होती. काकांनी सुट्टीच्या दिवशी टेबलफॅन आणला आणि उघड्या डब्यावर सोडला, म्हणजे तो तापून मालवणार नाही. फॅनच्या वाऱ्याने आतली मिरपूड उडाली. काकू दुसऱ्या खोलीत जाऊन पदरात तोंड खुपसून बसल्या. अर्ध्या दुपारात सगळी डिझाइन्स नव्या कॉम्प्युटरातल्या एका फोल्डरात आली. दिरांनी आतल्या मशीनमध्ये काही खटाटोप केला आणि म्हणाले, "बाहेरच्या फोल्डरातलं सगळं आता आतूनही दिसेल. हे बघा, झेड. इथून उघडायचं, इथेच ठेवायचं." काकूंनी बघितलं. बाहेर एक साठा, आत एक साठा. दोन झाले, बरंच झालं.

"आणि हा डबा आजच्या आज घराबाहेर काढा," त्या म्हणाल्या. "भंगारवाल्याला द्या, नदीत टाका, मला सांगू नका कुठे टाकला ते."

दीर डबा काखोटीला मारून गेले. काकूंनी ती जागा तीनदा धुतली.

पुढचे दिवस सुखाचे गेले. चौकटीतला जुना प्रोग्राम काकूंच्या बोटांना ओळखत होता. दवाखान्याचा नवा बिल्ला त्यांनी त्यात बसवला, दोन शाळांचे गठ्ठे भरून दिले. गणवेशवाले आले आणि गठ्ठा न उघडता घेऊन गेले.

एकच होतं. आतल्या मशीनमध्ये ती बाई अजून होती. काकू एखाद्या कमळाच्या पाकळीला टाके लावत असत आणि मधूनच चौकटीत ती हजर होई, हात करत. तिच्या मागे भोवरीवाला पाय. काकू ते बंद करत, दुसरं उघडे. आतलं आत, आतलं आत, असं मनाशी म्हणत त्यांनी बरेच दिवस काढले. पण मोरी वेगळी असली म्हणून काय तुंबलेली ठेवायची? आणि माझी डिझाइन्स या असल्या बाईच्या शेजारी? त्यांच्या मनाने घेतलं, की आतली डिझाइन्स आता बाटली. त्यातलं काहीतरी त्यांना लागलं असणार. बाहेर चांगला साठा आहेच. आतला सगळा काढून टाकावा, आतलं धुऊन पुसून घ्यावं, आणि बाहेरून स्वच्छ डिझाइन्स पुन्हा आत ठेवावीत. भांडी घासून पुन्हा मांडणीवर लावतो तशी.

एका सकाळी अंघोळ करून, पदर खोचून त्या बसल्या. आतल्या मशीनमध्ये झेड उघडलं. सगळं निवडलं. पुसलं. मशीनने विचारलं, कायमचं पुसू? काकू म्हणाल्या, अगदी कायमचं.

मग चौकट बारीक करून त्या बाहेर आल्या, स्वच्छ साठा उचलायला. बाहेरचं फोल्डर उघडलं.

ते रिकामं होतं.

त्यांनी ते बंद करून उघडलं. कॉम्प्युटर बंद करून चालू केला. चष्मा पुसला. फोल्डर धुतलेल्या पातेल्यासारखं लखलखीत रिकामं होतं.

दीर कचेरीतून तसेच आले. येतायेताच म्हणाले, "काही होत नाही! मी आतल्याचा त्या दिवशीचा फोटो काढून ठेवलाय. एक कळ दाबली की अख्खं मशीन त्या दिवशीच्या अवस्थेत." कळ दाबली. मशीन त्या दिवशीच्या अवस्थेत गेलं. त्या दिवशीची ती बाईसुद्धा परत आली, हात करत. झेड मात्र रिकामं.

दिरांचा चेहरा उतरला. "वहिनी," ते हळूच म्हणाले, "झेड आतलं नव्हतं हो. ती खिडकी होती. आतून बाहेरचंच फोल्डर दिसत होतं."

"म्हणजे साठा एकच होता?"

"एकच."

"आणि तुम्ही म्हणालात, आत काहीही करा."

"म्हणालो. पण पुसून टाका असं कुठे म्हणालो?"

"तुम्ही म्हणालात, बाहेर ओरखडा उठत नाही!"

"खिडकीतून हात घातला तर उठेल ना! जगात कुणीही चालतं काम पुसायला जात नाही, वहिनी. मला कसं सुचणार, कुणी असं करेल म्हणून?"

"आणि मला कसं सुचणार, की वेगळ्या मोरीला घरात उघडणारी खिडकी ठेवलीय म्हणून?"

काका मोरीच्या दारात कोपरापर्यंत साबण लावून उभे होते. ते म्हणाले, "दोघांचंही बरोबर आहे. आता परत कसं आणायचं ते बोला."

नव्या डिस्कवरून पुसलं की पुसलं, असं दीर म्हणाले. जुनी असती तर खरवडून काही मिळालं असतं. जुनी हा शब्द ऐकून काकूंनी मान वर केली. त्यांना जे विचारायचं होतं ते त्यांच्याच तोंडून निघेना.

"तो डबा," शेवटी त्या म्हणाल्या. "भंगारात दिलात ना?"

दीर शेंगदाण्यांची पुडी चाचपू लागले. "दिला... म्हणजे, द्यायचाय. द्यायला जाणारच होतो."

"म्हणजे कुठाय?"

"घरी."

आयुष्यात पहिल्यांदा काकूंना दिरांच्या आळसाला हात जोडावेसे वाटले. आणि लगेच त्यांनी तो विचार आवरला, कारण आता त्या घरी जायचं होतं.

त्या घरी काकू पाणीसुद्धा पीत नसत. धाकटी जाऊ मोठ्या मनाची बाई, दारात आलेलं माणूस न जेवता जाऊ देत नसे. पण तिच्या घरातून कुठलीच वस्तू कधी बाहेर गेली नव्हती. फुटकी बादली होती, तिच्यात छत्र्यांच्या काड्या होत्या; बंद पडलेला पंखा होता, त्याच्यावर मोजे वाळत होते. जमिनीवरून चालताना चप्पल चिक् चिक् वाजे.

"या ताई," जाऊ म्हणाली. "बसायला वर्तमानपत्र आणलंत, की आमचं देऊ?"

"बसत नाही गं. घाईत आहे."

"ऐकलं मी. तुमच्याकडे झुरळं निघाली म्हणे." तिच्या तोंडावर एखाद्या जुन्या इच्छेची पूर्ती झाल्याचं तेज होतं. "आमच्याकडे नाहीत हो फारशी. खायला भरपूर असतं ना, मोकळ्यावर हिंडतात, दिसली की मारतो. तुमच्याकडे बिचारी लपून राहतात."

काकूंनी ते गिळलं. दुसरा दिवस असता तर गिळलं नसतं.

डबा चपलांच्या फळीखाली होता. त्याच्यावर ओलं पायपुसणं, पायपुसण्यावर पावलांच्या आकाराचा चिखल, आणि त्याच्याही वर अर्धं खाल्लेलं बिस्किट, ज्याला मुंग्यांनी रांग लावलेली. पायपुसण्याचं पाणी झाकणाच्या फटीतून आत झिरपलं होतं. दिरांनी लावून पाहिला. डबा हूं की चूं करेना.

"डिस्क तेवढी बाहेर काढू," दीर म्हणाले. "तिला वेगळ्या वायरीने जोडता येईल. वाचली असेल तर..."

बरोबर आलेल्या काकांनी स्क्रू काढले. लिफ्टच्या स्क्रूंना सरावलेला त्यांचा पंजा त्या फटीत जाईना. दिरांची बोटं तर शेंगांसारखी. डिस्क एका खाचेत, खाली, त्या तपकिरी पाकिटांच्या रांगेच्या पलीकडे बसलेली होती.

"ताईंचा हात बारीक आहे," जाऊ म्हणाली, आणि म्हटल्यावर तिलाच ते फार झालं असं वाटलं. "थांबा, मी घालते. मला काही वाटत नाही."

"तुला वाटत नाही म्हणूनच नको," काकू म्हणाल्या. "जोर लावशील आणि मोडशील."

त्यांनी बाही वर सारली. रबरी हातमोजे पर्समध्ये होते. पर्समध्ये ते कायम असतात. पण मोज्याने खाच चाचपता येईना. त्यांनी ते काढून ठेवले आणि उघडा हात आत घातला.

ओल होती. ओलीत मिरपूड भिजून तिचा चिखल झाला होता आणि तो बोटांच्या बेचक्यात शिरला. एक पाकीट अंगठ्याखाली कुसकरलं. त्याचा बारीकसा आवाज काकूंना कानाने नाही, हाडाने ऐकू आला. काहीतरी मनगटावरून चाललं, थांबलं, मिशा हलवल्या असाव्यात, आणि बाहीच्या दिशेने निघालं. कॉलेजातलं ते नखाखालचं सगळं डोळ्यांपुढे उभं राहिलं आणि घशाशी आंबट पाणी आलं. काका म्हणाले, "काढ हात, राहू दे." काकूंनी दात आवळून मान हलवली. बोटांना धातूची थंड कड लागली. एक खुंटी दाबली. दुसरी दाबली. डिस्क सुटली.

ती दिरांच्या हातात देऊन त्या जावेच्या मोरीत गेल्या. तिथला साबण बघून त्यांना नव्याने मळमळलं, कारण त्याच्यावर केस होता. पण त्यांनी त्याच साबणाने हात धुतले. पुन्हा पुन्हा धुतले. बाहेर जाऊ कोरा टॉवेल घेऊन उभी होती.

डिस्क दिरांच्या कॉम्प्युटरला जोडली. ती खरखरली, दम घेतला, पुन्हा खरखरली. काकू खुर्चीच्या कडेवर बसल्या होत्या, वर्तमानपत्राशिवाय. हे त्यांच्या लक्षात नंतर आलं. मग पडद्यावर एकेक नाव उमटू लागलं. शाळा, दवाखाने, अग्निशामक दलाच्या ज्वाळा. काही डिझाइन्स फुटली होती, उघडेचनात. नवा दवाखान्याचा बिल्ला तर डबा गेल्यावर केलेला, तो मिळायचा प्रश्नच नव्हता. पण बाकी साठा आला.

काकूंनी बिल्ला पुन्हा बसवला. बसवताना त्यांना दिसलं, की पहिल्यात अक्षरांची वळणं जाडीभरडी होती. कसं काय ते आपण बाहेर पाठवलं म्हणून त्यांना स्वतःचीच शिसारी आली. गणवेशवाल्यांना उशीर झाल्याचं कारण सांगायची वेळ आली तेव्हा त्या फक्त "स्वच्छता चालली होती" म्हणाल्या. ते म्हणाले, "ते काय सांगायला हवं?" आणि गठ्ठा न उघडता घेऊन गेले.

आतलं मशीन दिरांनी अख्खं फेकून दिलं आणि नवं उभं केलं. या वेळी इंटरनेटची वायर आत सोडली नाही, आणि खिडकी ठेवली ती अशी, की आतून बघता येईल, हात घालता येणार नाही. काकूंनी स्वतः तपासलं. आतून एक डिझाइन पुसून पाहिलं. मशीन म्हणालं, परवानगी नाही. "असं हवं," काकू म्हणाल्या. नवं काही केलं की ते बाहेर आणायला त्यांनी वेगळा पेनड्राइव्ह ठेवला, आणि त्याला वेगळं फडकं.

साठ्याच्या प्रती झाल्या. एक बाहेरच्या कॉम्प्युटरात, एक कपाटात. तिसरी डबीत घालून, डबी पिशवीत घालून, पिशवीला रबर लावून काकू जावेकडे गेल्या.

"हे काय ताई?"

"डिझाइन्स आहेत. ठेव कुठेतरी."

"इथे?" जावेने घराकडे एकदा पाहिलं. "आमच्याकडे? इथे तुम्ही पाणी पीत नाही."

"नाहीच पिणार. पण माझ्या घरात काही टिकत नाही गं, मी पुसून टाकते. तुझ्या घरातून आजवर काही बाहेर गेलंय?"

जाऊ हसली. तिने डबी घेतली आणि फुटक्या बादलीत, छत्रीच्या काड्यांमध्ये खुपसली. बादलीच्या तळातून काहीतरी चटकन बाहेर आलं आणि फळीखाली गेलं. काकूंनी नाकाला पदर लावला.

"झाकण लावते वरून," जाऊ म्हणाली.

"नको," काकू म्हणाल्या. "हलवू नकोस. आहे तसं राहू दे."